सहा महिन्यांची रात्र

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी शिकवायला कंटाळलो होतो. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची शाळा पत्र्याची, आणि भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. माग सुरू झाले की त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवायचं आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन खोलीवर यायचं. सहावीतली बरीचशी मुलं घरी तेलुगू बोलणारी. मी मोहोळकडचा. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतं की नाही, हेच कळेनासं झालं होतं. "आलं का ध्यानात?" असं मी सवयीनं विचारायचो. उत्तरासाठी थांबणं मात्र केव्हाच सोडलं होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गावी वडील माझा उल्लेख "आमचा मास्तर" असा करायचे. त्याचंही आता ओझं वाटे. मामांनी मोहोळच्या सोसायटीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती.

"लेका, घसा फोडून काय मिळतंय तितं?" ते म्हणाले होते. "हितं पंख्याखाली बसायचं हाय की. रविवारी येतो. हो म्हनायचं, बास."

मी हो म्हणणारच होतो.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला एका गैरहजर मुलीच्या घरी पाठवलं. ही मुलगी वर्गात कधी काही लिहून घेत नसे. वही-पेन्सिल तशीच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसे. तिला प्रश्न विचारणंही मी बंद केलं होतं.

तिच्या गल्लीत ओट्यावर पाच-सहा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. तंबाखूचा वास नाकात बसत होता. मधोमध ती मुलगी, रिकाम्या हातांनी, तेलुगूत काहीतरी सांगत होती. मला एक शब्द कळेना. एकदम मधेच मराठीत ऐकू आलं, "आलं का ध्यानात?"

अगदी माझाच हेल. मोहोळचा.

"आलं, आलं!" बायका हसत म्हणाल्या.

मला बघून मुलगी ताडकन उठली. एक म्हातारी म्हणाली, "या सार, बसा. तिची आई तापानं पडलीया, म्हणून घरी ठेवली. पण तिच्यामुळं आमचंबी आडलंय बघा."

"तुमचं काय अडलं?"

"धडा की! रोज शाळेतनं येऊन सांगती. तिच्या वाट्याच्या विड्या आम्ही वळतो." तिनं बाजूचं सूप दाखवलं. त्यात प्रत्येकीनं थोड्या थोड्या वळून टाकलेल्या विड्या होत्या. "हात चालला की तोंड चालत न्हाई हिचं. म्हणून तसं ठरवलंय. पण शाळा बुडाली, आता तेच तेच सांगती. बर्फाच्या घरातली माणसं."

ध्रुव प्रदेशाचा तो धडा मी पुस्तक समोर धरून, कसाबसा संपवला होता.

"सहा महिने रात्र म्हणे," दुसरी म्हणाली. "मग विड्या कवा वळत्यात?"

"तुझ्यासारखी आळशी असंल तर झोपंल की!"

सगळ्या हसल्या. म्हातारी मात्र माझ्याकडेच बघत होती. "सार, तितं सगळा बर्फच. मग मीठ कुटनं आणत्यात?"

"बघून सांगतो," म्हणालो.

"हिच्याकडनं सांगा. सोमवारी धाडते हिला, आईला मी बघते."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेलो. कॉलेज सोडल्यापासून तिथं पाय ठेवला नव्हता. बराच वेळ पुस्तकं चाळली. ती माणसं शिकार करून खातात आणि त्या मांसातूनच त्यांना लागेल तेवढं मीठ मिळतं, असं एका जाड पुस्तकात सापडलं.

रविवारी मामा आले. मी नाही म्हणालो. ते चिडले, चहा अर्धा टाकून उठले. "घसा गेल्यावर येशील," म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी सोडायला गेलो, पण त्यांच्याबरोबरच जावं, असं स्टँडपर्यंत वाटत राहिलं.

सोमवारी माग तसेच खडखडत होते. मुलगी पुढच्या बाकावर होती, हात मोकळे. मी तिच्याजवळ जाऊन मिठाचं सांगितलं. तिनं ओठ हलवत ते मनात धरलं. मग मी वर्गाला विचारलं, "आलं का ध्यानात?" आणि थांबलो.

मंगळवारी तिनं निरोप आणला. "सार, आजी म्हणती, मग त्यांच्या आमटीत काय घालतात?"