टिकटिक करत वडूज ते आष्टा

आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनातून टिकटिक यायला लागली होती. इंजिन उघडावं लागलं तर गाडी विकायची, हे मी निघण्याआधीच आबांना सांगून टाकलं. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतले निवृत्त ड्रायव्हर. "मग दुसरी घिऊ नगं. मी न्हाई चालवणार," म्हणत ते स्टेअरिंगवर बसले. हातची गाडी सुटली तर हा माणूस घरात बसून सुकेल, हे मलाही कळत होतं.

वडूजहून मायणीमार्गे कडेगाव, पुढे ताकारीवरून आष्टा. तिथे माझी आत्या, आबांची आक्का, राहते. सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. मायणीत गरम भजी नि चहा घेतला, शंभराच्या आत दोघांचं भागलं. माळ संपून ऊस सुरू झाला की डोळ्यांना काय गार वाटतं! पण कानांना कुठलं सुख? वेग वाढला की बॉनेटखालची टिकटिकही वाढायची.

"आबा, आवाज वाढलाय."

"मग गाणी लाव की."

कडेगावात मी हट्टाने गॅरेजपुढे थांबायला लावलं. मेकॅनिकने कान दिला. "टॅपेट वाजत्यात, ऑईल कमी पडलं की त्यो भाग असाच वाजतुया. ऑईल बघितलंय का?"

"आरं, रोज सकाळी बघतुया. फुल्ल हाय!" आबा तडकले.

त्याने इंजिन बंद केलं, जरा थांबून ऑईलची पट्टी ओढली. टोक जेमतेम ओलं. आबांचा चेहरा बघवेना. माझी मात्र ट्यूब पेटली.

"आवं आबा, घरी गाडी उतारावर लावता नव्हं?"

"व्हय, ट्रॅक्टरवानी. बॅटरी बसली तर आपसूक सुटती."

"आणि ऑईल तिथंच बघता!"

नाक खाली करून उभ्या गाडीत ऑईल पट्टीकडे गोळा व्हायचं, नि रोज फुल्ल दिसायचं. मेकॅनिक पोट धरून हसला, मग आबाही. गळती कुठे नव्हती. जुनं इंजिन थोडं थोडं ऑईल खातंच, असं तो म्हणाला. नवं ऑईल ओतून गाडी चालू ठेवली. टिकटिक मंदावली, मग थांबलीच. आबा बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे. मला रडू आलं, खरं सांगते.

आष्ट्यात आत्याने वांगं, भाकरी, खर्डा असं दाबून जेवू घातलं. त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे. तुमचीही गाडी जुनी असेल तर ऑईल सपाट जागेवर बघा, एवढं ऐका.

घरी पोचल्यावर मी म्हटलं, "आबा, गाडी विकायची न्हाई."

"म्हायत हाय," आबा चपला काढत म्हणाले. "आक्काला सांगून आलोय, ऐतवारी परत येतो म्हनून."