वरचा थर

नाशिकच्या कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवते. हेतू चांगला असला म्हणून कृती चांगली ठरत नाही, हे दरवर्षी पोरांच्या डोक्यात हातोडीने ठोकते. आणि तरीही सटाण्याच्या कांदा बाजारात मी माती खाल्लीच.

मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले होते. वडिलांचे, म्हणजे आबांचे, गुडघे धरलेले, म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली मीच उभी राहून भरून घेतली. कांदा नेहमीसारखाच, मोठ्यात थोडा बारीक मिसळलेला. मी मोठे, चकचकीत कांदे निवडून बाजूला ठेवले आणि शेवटी सगळ्यात वर पसरले. आमच्याकडे बरेच जण करतात तसं. आबांना भाव बरा मिळावा, एवढंच मनात होतं.

व्यापाऱ्यांचा घोळका बोली लावत आमच्या ट्रॉलीपाशी आला. पहिलीच बोली झकास निघाली. मी खूश. तेवढ्यात सोबत आलेले आबा काठी टेकत पुढे झाले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले,

"थांबा शेठ. वरना कांदा निवडेल शे. खाले बारीक बी शे. हात घाला, मंग बोला."

एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला. बोली खाली आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना मी भरपूर वकिली केली. हेतू, परिणाम, सगळा अभ्यासक्रम उलगडला. इतकी वाईट विद्यार्थिनी माझ्या वर्गात आजवर आलेली नाही. आबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तीस वरीसमा मन्ही ट्रॉलीमा कोनी हात घालेल नव्हता."

मला रडूच आलं. भावापेक्षा मोठं काहीतरी मी एका दुपारी घालवून बसले होते.

पुढच्या आठवड्यात त्यांना उठवेना. "तू जाय," म्हणाले. या वेळी कांदा जसा आला तसा भरला. बाजारात ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन उभी राहिले. घोळका आला. तोच म्हातारा व्यापारी माझ्याकडे बघत बाही वर सारू लागला.

त्याने विचारायच्या आत मीच म्हणाले, "शेठ, पाव हिस्सा बारीक शे. वर तसाच खाले."

त्याने वरच्या थरातले बारीक कांदे पाहिले. मग मला विचारलं, "आबांचीच पोर ना तू?"

"हो."

त्याने बाही खाली ओढली आणि बोली लावली. इतरांनीही तिथूनच पुढे बोली चढवली.

मी चाकावरून उडी मारली, फोन लावला आणि शेजारचे ट्रॉलीवाले वळून बघतील एवढ्या मोठ्याने ओरडले, "आबा, हात कोनीच घाला नही!"