कुब्लूची जीभ

इवालूला राग आला की ती हातातलं काम टाकत नाही, उलट वेग वाढवते. त्या सकाळी ती सीलचं कातडं असं खरवडत होती, की नवरा कुब्लू दारातच थबकला.

"परत सांग. दुकानात काय बोललास?"

"काही नाही गं. एवढंच, की यंदाचे माझे मांसावर रचलेले धोंडे नानूकच्या बापालाही हलायचे नाहीत."

नानूक म्हणजे पांढरं अस्वल. त्याला कोसावरून सीलचा वास येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्याच्याबद्दल मारलेली फुशारकीही त्याला ऐकू जाते, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"म्हातारा झालास, पण जिभेला हाड नाही! आई परवा येतेय!"

आई म्हणजे तिची आठ वर्षांची नात. इवालूच्या मेलेल्या आईचं नाव तिला दिलेलं, म्हणून इवालू तिला आईच म्हणायची. शहरातल्या दवाखान्यातून पोरीने फोनवर एकच मागितलं होतं: धोंड्यांखाली उन्हाळाभर मुरलेलं वालरसचं मांस.

दोघं तडक किनाऱ्यावर गेली. समुद्र अजून गोठला नव्हता. समुद्रावर बर्फच नाही, तर सीलच्या श्वासाच्या भोकापाशी दबा धरून बसणार कुठे? उपाशी अस्वलं किनाराच धुंडाळत होती. कुब्लूचे धोंडे चेंडूंसारखे विखुरले होते. बाजूला एका मोठ्या अस्वलाची पावलं, आणि दोन पिल्लांची.

"लेकुरवाळी होती," कुब्लू पुटपुटला.

तिने कातडं आणि चरबी खाल्ली होती, लाल मांस बरंचसं टाकलं होतं. वर तोंड-पंजे काठावरच्या ताज्या हिमात घासून स्वच्छ करून गेली होती.

"हात धुऊन गेलीय बघ! नाहीतर आपल्या सुना..."

इवालूचा हातमोजा त्याच्या तोंडावर बसला.

"चोरट्या! खादाडा! पोरीच्या तोंडचा घास पळवलास! पोट आहे की खड्डा?"

"अगं, मी कुठे खाल्लं?"

"गप!" ती दबक्या आवाजात फिस्कारली. "तिला शिव्या दिल्या तर ऐकेल ती. मग कुणाला देऊ?"

कुब्लू उरलेलं मांस गाडीवर लादू लागला. अस्वलाच्या वाट्याच्या शिव्या त्याने घरापर्यंत खाल्ल्या.

दोन दिवसांनी आलेल्या पोरीने मांसाचा पहिला तुकडा चघळला, दुसरा मागितला, आणि विचारलं, "चरबी कुठंय?"

इवालूने नवऱ्याकडे पाहिलं. कुब्लू खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "एका थोर बाईला दिली. फार हुशार, फार देखणी बाई!"

मांस कापणाऱ्या इवालूच्या सुरीचा वेग पुन्हा वाढला.