वन्संची मर्यादवेल

माझ्या नणंदबाई पस्तीस वर्षं समुद्राकाठच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या शरीराला ते कुणी कळवलेलं नाही. अजूनही पहाटे चारला दिवा मालवतात आणि दुपारी एकला उठून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. तोवर माझा स्वयंपाक होऊन पातेलीही पालथी पडलेली असतात.

गेल्या वर्षी त्यांनी हॉस्पिटलसमोरच्या वाळूतून मर्यादवेलीचा एक तुकडा आणला. पाळी संपवून सकाळी सातला घरी निघताना तिची जांभळी फुलं दिसायची. म्हातारपणी दारात तेवढी हवीत, म्हणाल्या. अंगणात वाळूचा वाफा केला आणि वरच्या भिंतीतल्या खिळ्याला चक्क केसपेपर लटकवला. पाणी किती, नवी पानं किती, सगळी नोंद. एकदा मी नळी धरली, तर माझ्या पेशंटला हात लावायचा नाही, म्हणून दटावलं. मी कानाला खडा लावला.

वेल फाटकापर्यंत फोफावली. वन्संचा चेहरा मात्र उतरत चालला. रोज दुपारी त्या सुरळी झालेल्या मलूल कळ्या वेचायच्या. समुद्राची सवय असेल म्हणून मिठाचं पाणीही पाजून झालं. परवा जेवताना म्हणाल्या, “उद्या माळ्याला बोलावते. उपटून टाकू दे. उमलायच्या आधीच गळतंय सगळं. माझ्या हाताला आता यश नाही, वहिनी.”

माझा घास हातातच राहिला. मी उठले, माझी रोजची डायरी आणली आणि त्यांच्या ताटाशेजारी उघडून ठेवली. तीन तारीख, सकाळी सात: पाच फुले. चार तारीख: आठ. नऊ तारीख: अकरा, एकावर भुंगा. दुपारपर्यंत सगळी मिटली.

वन्संनी चष्मा लावून दोन पानं वाचली. ती फुलं त्यांनी जन्मभर सातलाच पाहिलेली. दिवसभर तशीच टवटवीत राहत असतील, अशी त्यांची समजूत.

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“पेशंट तुमचा, वन्सं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

माळ्याला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दिवा मालवलाच नाही. सातला शाल गुंडाळून वाफ्यापाशी आल्या आणि तेरा फुलांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग केसपेपरवर लिहिलं: ‘प्रकृती उत्तम.’ त्याखाली लाल शाईने: ‘नातेवाइकांनी वेळेवर कळवले नाही.’

आणि पाळी संपल्यासारख्या झोपायला गेल्या.