सपाटीवरचे भावजी

माझे भावजी सव्वीस वर्षं गाडी चालवतात आणि सव्वीस वर्षं त्याबद्दल बोलतात. गाडी कमी चालते, तोंड जास्त. पाणीखात्यात हेडक्लार्क होते, आता निवृत्त झालेत, आणि रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन बॉनेट पुसत उभे असतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगतात की आजपर्यंत गाडीवर एक ओरखडा नाही. ओरखडा पडायला गाडी कुठेतरी जावी लागते, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी कधीच सांगितलं असतं, पण मी पडले मेव्हणी, ताईच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी, आणि मी तोंड उघडलं की ताई मला डोळ्यांनी दटावते.

त्यांचे रस्तेही ठरलेले. बँक सरळ रस्त्याने पाच मिनिटांवर, पण हे नदीकडून वळसा घालून वीस मिनिटांनी पोचणार. तिकडची हवा चांगली म्हणे. जुना पूल नको, दवाखान्यामागची गल्ली नको. मला वाटायचं माणूस जरा चक्रम आहे. नुसता चक्रम असता तर मी माफ केलं असतं.

ताईची लेक, माझी भाची, टेकडीवर राहते, चढाच्या अगदी टोकाला. बस खालच्या चौकापर्यंतच जाते, आणि भावजीही गाडी त्याच चौकात झाडाखाली लावायचे. तिथून आम्ही दोघींनी पिशव्या घेऊन वर चालायचं. चालणं तब्येतीला चांगलं, हे ते रिकाम्या हातांनी पुढे चालत सांगायचे. चार वर्षं ऐकलं. यंदा भाचीला सातव्या महिन्यातच डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली. जावई नोकरीवर, घरात तीन वर्षांची मुलगी. ताईला रोज सकाळी डबे घेऊन वर जायचं, दोघींचं करायचं आणि दुपारी परत येऊन मशीनवर बसायचं, कारण शाळांचे गणवेश शिवायचं तिचं काम थांबत नाही. भावजी तिला चौकापर्यंत सोडत, पुढे नाही. चौथ्या दिवशी ती चढाच्या मध्यावर कुणाच्या तरी पायरीवर बसली आणि पाच मिनिटं तिला बोलता येईना. घरी येऊन ती भावजींना म्हणाली, "मला गाडी शिकवा."

गाडी म्हणजे शिवणयंत्र नव्हे, असं ऐकवून भावजींनी होकार दिला.

शिकवणी रोज सकाळी सहाला, बंद गिरणीच्या मैदानात. मागच्या सीटवर मी, ताईला धीर म्हणून. पहिले तीन दिवस त्यांनी तिला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही, नुसतं ज्ञान पाजळलं. त्यातलं मुख्य सूत्र असं, की क्लचवरचा पाय कधीच काढायचा नाही, केव्हा लागेल सांगता येत नाही. ताई बिचारी पाय अर्धा दाबून मैदानभर फिरायची आणि गाडीत काहीतरी करपल्याचा वास सुटायचा. तो वास म्हणे गिरणीचा. गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. गाडी बंद पडली की ते कपाळाला हात लावून विचारायचे, डोक्यात मेंदू आहे की भुसा? ताई मुकाट्याने पुन्हा किल्ली फिरवायची. मला त्यांचा राग यायचा, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा जास्त.

चढावर कधी न्यायची, असं तिने दोनदा विचारलं. परीक्षेत चढ नसतोच, भावजींनी सांगून टाकलं.

परीक्षेत चढ होता. आरटीओच्या साहेबांनी मध्यावर थांबवून गाडी पुन्हा पुढे घ्यायला सांगितली, ती मागे घरंगळली आणि ताई नापास झाली. बायकांचा पायावर ताबाच नसतो, हा भावजींचा निकाल. तीस वर्षं पायमशीन चालवणारी बाई ती. सुई कापडात कुठे थांबली, हे तिला न बघता पायाला कळतं.

त्या वासाचा उलगडा मेकॅनिकने केला. तो गाडी न्यायला आला तेव्हा भावजी आत घोरत होते. त्याने नाक मुरडलं.

"क्लचप्लेट जळाली. ही चौथी. साहेब अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवतात वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चढावर तर ते जातच नाहीत आता."

त्याने सांगितलं, टेकडीच्या त्याच चढावर कधीकाळी भावजींची गाडी मागे घसरू लागली होती. मागे गाड्यांची रांग, लोक शिव्या देताहेत, आणि हे स्टिअरिंग धरून गोठलेले. शेवटी मेकॅनिकनेच जाऊन गाडी वर काढली. तेव्हापासून नदीकाठची हवा. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ताई हसली नाही. तिने मेकॅनिकला एवढंच विचारलं, "तुम्ही कशी काढलीत?"

नवी प्लेट बसल्यावर त्याने तिला तीन दुपारी, भावजींच्या झोपेच्या वेळात, चढावर नेलं. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीने नाक उचललं, की ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा. ताईच्या पायाला ते पहिल्याच दुपारी कळलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, आणि आपण कशी शिकवली ते भावजींनी गल्लीभर सांगितलं.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही तिघं डबे घेऊन निघालो. चौकात भावजी सवयीने म्हणाले, इथेच लाव. ताईने लावली नाही. चढाच्या मध्यावर पुढे सामानाचा टेम्पो थांबला, मागे चार गाड्या लागल्या. मला मागून भावजींच्या मानेवरचा घाम दिसत होता.

"मी उतरतो," ते म्हणाले. "जरा पाय मोकळे होतील."

आणि खरंच उतरले. बायकोला चढावर सोडून, फुटपाथवर. टेम्पो हलला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडी बोटभरही मागे न जाता वर चढली. भावजी पंधरा मिनिटांनी लालबुंद होऊन पोचले, घटाघटा पाणी प्यायले आणि जावयाला म्हणाले, "बघितलंत? मी शिकवलंय तिला."

मेकॅनिकची सगळी हकिगत माझ्या जिभेवर आली होती. ताईने त्यांच्या हातातला पेला घेतला, जावई आत जाईपर्यंत थांबली, आणि हळूच म्हणाली, "अहो, उद्या सकाळी सहाला चढावर येऊ. तुम्ही चालवायची. मला सगळं ठाऊक आहे."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला ते स्टिअरिंगवर बसलेले होते, फडकं न घेता. मीही मागे जाऊन बसले. असा तमाशा मी चुकवणार नव्हते. गाडी नऊ वेळा बंद पडली. एकदा तर मागे घसरून भिंतीला टेकायचीच राहिली. दर वेळी ताई हँडब्रेक ओढायची आणि म्हणायची, "पुन्हा." भुशाची आठवण तिने एकदाही काढली नाही. ती कधी ओरडते याची मी वाट बघत होते. दहाव्या खेपेला गाडी वर चढली, भावजी रडायला लागले, ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला, तरी मी वाटच बघत होते.