गिटारवाल्या फायरमनचं बोट

"बेलचा उचल," सर्जनसाहेब म्हणाले.

नामदेवनं उचलला. बेलचा म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं लांब दांड्याचं फावडं. पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमधून मी तो मुद्दाम मागवला होता आणि दवाखान्याच्या मागच्या अंगणात कोळशाचा लहानसा ढीग घातला होता. नामदेवचा अंगठा आणि तीन बोटं दांड्याभोवती मिटली. डाव्या हाताचं पहिलं बोट, तर्जनी, तेवढं मिटलं नाही. कुणाला रस्ता दाखवावा तसं ते किंचित वाकून पुढंच राहिलं.

समोर एक लाकडी खोकं आडवं ठेवलं होतं. त्याचं तोंड म्हणजे भट्टीचं दार, असं साहेबांनी सांगितलं. नामदेवनं कोळसा भरला, टाकला. पुन्हा भरला, टाकला. मग बोट खोक्याच्या कडेवर आपटलं. त्यानं बेलचा भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि हात काखेत दाबून उभा राहिला.

"पुरे," साहेब म्हणाले.

मी त्या वेळी पूर्ण्यात रेल्वेच्या दवाखान्याचा डॉक्टर होतो. हैद्राबाद संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. ऑफिसातली भाषा बदलत होती, माणसं बदलत होती. सर्जनसाहेब मोठ्या इस्पितळातून अधूनमधून इन्स्पेक्शनला यायचे आणि अवघड केसेस आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवायचो. नामदेव फायरमन होता, म्हणजे इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा. ताडकळसकडच्या एका मेंढपाळ घरातला. पुढं शंटर, म्हणजे यार्डातल्या यार्डात इंजिन हलवणारा, आणि मग ड्रायव्हर होण्याच्या रांगेत होता. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी रेल्वेत नव्हतं.

पण माझी त्याची ओळख दवाखान्यातली नव्हे. गिटारीची होती.

मेडिकल कॉलेजात असताना मी गिटार शिकलो. बरी वाजवायचो, फार चांगली नाही. माझा हात वाजवण्यापेक्षा दुरुस्तीत जास्त चालायचा. एका संध्याकाळी नामदेव घोंगडीत गुंडाळलेली एक गिटार घेऊन माझ्या क्वार्टरवर आला. तो ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली होता, त्याचं कुटुंब देश सोडून गेलं होतं. जाताना त्यांनी गिटार त्याला देऊन टाकली होती. वाजवायलाही ड्रायव्हरसाहेबानंच शिकवलं होतं, रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरचे लोक दोन फेऱ्यांच्या मधे विसावा घेतात तिथं.

"डॉक्टरसाब, हिचं पोट फाटलंय," तो म्हणाला. "तुमी पोटाचे बी डाक्टर हाव ना?"

आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं. गिटारीच्या पुढच्या पातळ फळीला उभी चीर गेली होती, आणि तारा ज्या पट्टीला बांधलेल्या असतात ती घोडी एका अंगानं उचलली होती. मी घसा तपासायचा लहान आरसा गिटारीच्या भोकातून आत घालून पाहिलं. आतून चिरेवर लाकडाच्या चकत्या चिकटवायच्या होत्या. रक्तवाहिनी पकडायच्या लांब चिमट्यानं त्या आत नेल्या. सरस वितळवायला नामदेव इंजिनातलं उकळतं पाणी डब्यात घेऊन आला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घोडी आवळून बांधली. ती सुकेपर्यंत तो रोज ड्यूटीवर जाता-येता डोकावून जायचा. पेशंटच्या नातेवाइकांसारखा दारातूनच विचारायचा, "कसं हाय?"

गिटार बरी झाली. मग आम्ही माझ्या ओसरीवर बसून वाजवायला लागलो. तो मला काय काय दाखवायचा. ड्रायव्हरसाहेबानं शिकवलेले नाचाचे तुकडे त्याला यायचे, पण त्याचं खरं वाजवणं वेगळंच होतं. मेंढरांमागं फिरताना त्याच्या बापानं म्हटलेल्या चाली तो गिटारीवर काढायचा. जाड तारेवर ढोलाचा ठेका धरायचा आणि बारीक तारांवर चाल. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याच्या हाताकडे बघत बसायचो आणि माझी गिटार मांडीवर तशीच राहायची.

एकदा त्याचे वडील हरबाजी आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे माझंच हाय की रं. पण लय सोच्छ करून घेतलंय."

नामदेव त्या दिवशी भलताच खूश होता.

अपघात एका लहान स्टेशनावर झाला. इंजिनामागं कोळसा आणि पाण्याचा जो डबा असतो, त्याला टेंडर म्हणतात. पाणी भरायला फायरमन टेंडरवर चढतो. टाकीचं लोखंडी झाकण निसटून नामदेवच्या डाव्या हातावर पडलं. त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा तर्जनीचा मधला सांधा चेपला होता. हाडाचा भुगा होता. जखम धुऊन, पेनिसिलिन देऊन मी बोट किंचित वाकवून प्लास्टरमध्ये घातलं. अशा वेळी बोट सरळ ठेवत नाहीत. सांधा आखडणार हे धरूनच चालायचं असतं, मग निदान उपयोगाच्या बाकात तरी आखडावा.

प्लास्टर काढलं. सांधा आखडलेलाच होता. जखम मात्र स्वच्छ भरली होती.

त्याच संध्याकाळी नामदेव ओसरीवर आला आणि त्यानं गिटार मांडीवर घेतली. कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबून काढलेले सूर. एका कॉर्डमध्ये पहिलं बोट साऱ्या तारांवर आडवं झोपवावं लागतं. ती त्याला येईना. पण बाकीच्या येत होत्या. आखडलेलं बोट नेमकं तारेवर उभं राहण्याच्या बाकात होतं. त्यानं बापाची चाल हळूहळू, अडखळत, पण शेवटपर्यंत वाजवली. त्याची बायको गिरजाबाई दाराशी उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला माझ्या बायकोकडे आत गेली.

आम्हाला वाटलं, सुटलो.

मग बेलच्याची परीक्षा झाली. ती मी वर सांगितलीच.

नामदेवला बाहेर बसवून साहेब मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही केलंत त्यात चूक नाही. कुणीही केलं असतं तरी सांधा आखडलाच असता. पण आखडलेली तर्जनी ही नसलेल्या तर्जनीपेक्षा वाईट. हात तिला विसरतो. मधलं बोट तिचं काम करायला लागतं आणि ती नुसती आड येते. काढून टाका. महिन्या-दोन महिन्यांत माणूस फूटप्लेटवर."

फूटप्लेट म्हणजे इंजिनावर ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात ती जागा.

"आणि नाही काढलं तर?"

"तर मी त्याला फूटप्लेटसाठी अनफिट लिहीन. शेडमध्ये चौकीदार होईल, नाहीतर रुळांवरच्या फाटकावर, गेटवर जाईल. नोकरी राहील. इंजिन नाही."

"सर, तो गिटार वाजवतो."

"पोट त्यावर आहे?"

"नाही. हौस आहे."

"मग?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उत्तराची वाटही बघितली, घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "त्याला विचारा. पुढच्या इन्स्पेक्शनला मला सांगा."

मी विचारलं. ओसरीवर बसवून सगळं समजावून सांगितलं, दोन्ही बाजू. गिरजाबाई होती, हरबाजीही त्या दिवशी आले होते. ते म्हणाले, "मला काय इचारायलाव डाक्टर? मी मेंढरं राखणारा माणूस. बोट त्याचं हाय." आणि बाहेर जाऊन बसले.

नामदेव म्हणाला, "तुमी काय म्हणता?"

पेशंटनं असं विचारलं की डॉक्टर बहुधा गुळमुळीत बोलतो. मी बोललो नाही तसं. मी म्हणालो, "ठेव बोट. गेटवर काम कर. संध्याकाळी घरी येशील, वाजवशील. तुझ्यासारखं वाजवणारा मी दुसरा बघितला नाही."

त्यानं डावा हात मांडीवर उताणा ठेवला.

"डॉक्टरसाब, गिटार मला कुठं नेती? ह्या ओसरीवर. इंजिन परभणीला नेतं, मनमाडला नेतं. गाडी आली की माझा बाप मेंढरं थांबवून हात वर करतो. गेटवर बसलो तर मी बी गाडीला हातच वर करायचा का?"

"आणि हे?" मी गिटारीकडे बोट केलं.

"ते बी माझंच हाय," तो म्हणाला. "पण दोन्ही न्हाई ना भेटायलं."

गिरजाबाईनं मधेच विचारलं, "नंतर उरलेल्या बोटांनी येईल का वाजवायला?"

"थोडंफार येईल," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण थोडंफार म्हणजे किती, हे नामदेवला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

साहेबांनी ऑपरेशन माझ्यावर सोपवलं. लहानसंच असतं ते. बोटाच्या मुळाशी सुई देऊन तेवढा भाग बधिर करतात, पेशंट जागा असतो. मधे कापड धरतात, म्हणजे त्याला दिसू नये. मी काम करत होतो आणि कापडापलीकडून नामदेव शेडमधल्या गमती सांगत होता. एक गंमत अर्धीच टाकून त्यानं विचारलं,

"झालं का?"

"झालं."

"मला वाटलं, लय आवाज होईल."

मी टाके घालत राहिलो. सवयीचा हात होता.

जखम उत्तम भरली. पकड साहेब म्हणाले होते तशीच आली. त्यांनी पुन्हा बेलच्याची परीक्षा घेतली, नामदेवनं पूर्ण ढीग खोक्यात टाकून दाखवला, आणि ते फिट लिहून गेले. तो इंजिनावर परतला.

ओसरीवर मात्र त्यानं तीन बोटांनी एकदाच वाजवून पाहिलं. चाल येत होती, पण मधेमधे भोकं पडत होती. त्यानं गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

मी जिद्दीला पेटलो. डावा हात गेला तर उजव्या हातानं तारा दाबायच्या आणि डाव्यानं छेडायच्या. गिटार उलटी करायची. हे नुसत्या तारा उलट लावून होत नाही. तारा मानेच्या टोकाला ज्या खाचांमधून जातात, त्या खाचा जाड-बारीक तारेच्या मापाच्या असतात. ती पट्टी मी काढली आणि म्हशीच्या हाडाची नवी पट्टी कानशीनं घासून, खाचा उलट पाडून बसवली. घोडीवर तारा टेकतात ती तिरपी खाच बुजवून उलट्या बाजूला तिरपी पाडली, नाहीतर सूर जुळत नाहीत. दवाखाना सुटला की मी हेच करत होतो. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. आवाज पहिल्यापेक्षा गोड आला.

नामदेवला बोलावलं. तो आला, गिटार उलटी मांडीवर घेतली. लहान लेकरानं पाटी धरावी तशी त्यानं ती धरली. मी त्याला कॉर्ड दाखवल्या, त्यानंच मला शिकवलेल्या. तो निमूटपणे बोटं ठेवत गेला. असा तो काही संध्याकाळी आला. प्रगती होत होती, खरंच होत होती. मग येईनासा झाला.

मी शेडमध्ये गाठलं. तो इंजिनाखाली राख पाडत होता.

"काय रे, वर्षभर लागेल, पण जमेल तुला."

"जमंल, डॉक्टरसाब."

"मग येत का नाहीस?"

त्यानं हात चिंध्यांनी पुसले. "उजव्या हातानं वाजवायलो की डाव्या हाताला आठवायलंय," तो म्हणाला. "लय आठवायलंय. नगं वाटतं."

गिटार दुरुस्त झाली होती, हात दुरुस्त झाला होता. दोन्ही दुरुस्त्या मीच केल्या होत्या.

"तुमी ठिवा ती," तो म्हणाला. "पहिल्यासारखी करून घ्या. तुमाला वाजवता यील."

पुढं तो शंटर झाला, मग ड्रायव्हर. चांगला ड्रायव्हर झाला. माझी बदली व्हायच्या आधी मी एकदा त्याच्या गाडीनं परभणीला गेलो. उतरल्यावर इंजिनापाशी गेलो. तो वरून हसला, वाकून हात हातात घेतला. चार बोटांचा हात, पण मजबूत. हरबाजींची तब्येत, गिरजाबाईंचं बाळंतपण, सगळं बोलणं झालं. गिटारीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. सिग्नल पडला आणि तो गेला. पश्चात्ताप झालाय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसलं नाही. मला वाटतं, त्यानं ठरवलं ते बरोबरच ठरवलं. त्याच्या जागी मी असतो तर मला कदाचित धाडस झालं नसतं.

गिटार मी पहिल्यासारखी करून घेतली आणि बरीच वर्षं वाजवली. त्याच्या बापाची चाल मला कधीच आली नाही. सूर सगळे माहीत होते. येत नव्हतं ते दुसरंच काही होतं. आज ती नीट वाजवणारं कुणी आहे की नाही, ठाऊक नाही. बहुधा नाही.

त्या केसनंतर माझ्या कामात एवढाच बदल झाला. हाताला लागलेला कुणी आला की नाव, वय, ड्यूटी विचारून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारायला लागलो, "ड्यूटी सुटल्यावर ह्या हातानं काय करता?" कुणी सांगे शिवतो, कुणी सांगे पखवाज वाजवतो, कुणी सांगे पोरीच्या वेण्या घालतो. एक गार्ड म्हणाला, काहीच नाही, आणि स्वतःच ओशाळला. उत्तर ऐकून उपचार बदलला असं क्वचितच झालं. बोट काढायचं असलं की काढावंच लागतं. पण आपण काय काढतो आहोत, हे निदान कापणाऱ्याला माहीत असावं.