भिंतीवरचा खूबचंद

"चेहरा दिला की माणूस उभा राहतो," असं जयसिंगराव नेहमी म्हणत. म्हणताना कुंचला कानावर अडकवत आणि चित्रापासून चार पावलं मागे सरत.

माळव्यात लग्नघराचं दार रंगवायची रीत आहे. दोन्ही अंगांना हत्ती-घोडे आणि उंबऱ्याजवळ दोन द्वारपाल. बाकीच्या चिताऱ्यांचे द्वारपाल सगळे एकाच तोंडाचे. जयसिंगराव मात्र त्या घराच्या उपयोगी पडलेल्या माणसाचा चेहरा द्वारपालाला देत. कुणाच्या दारी दूधवाला भाला घेऊन उभा, कुणाच्या दारी शाळेतले मास्तर. वऱ्हाड ओळखून हसे, आणि ज्याचा चेहरा तो दिवसभर छाती काढून फिरे. इंदूरजवळच्या आमच्या सांवेर गावातही त्यांनी अशी दारं रंगवली. ऊन खाऊन ती फिकी झाली, पण माणसं ओळखू येतात.

मध्यभारत राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. पहिली मोठी निवडणूक आली आणि इंदूरच्या भिंती बोलू लागल्या. एका उमेदवाराची माणसं जयसिंगरावांकडे आली. परदेशीपुऱ्यात गिरणीच्या वाटेवरची लांब भिंत त्यांनी धरली होती. चित्र असं हवं होतं, की खांद्यावर गठडं घेतलेला एक शरणार्थी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकतोय आणि घरची पोरं बाहेर उपाशी बसलीत. खाली लिहायचं, 'घर तुम्हारा, राज पराया? सोचो!'

"शरणार्थी कसा काढू?" जयसिंगरावांनी विचारलं.

"कैसा भी बना दो भिया. कोण बघतंय?"

घरी त्यांची बायको भानुमतीबाई म्हणाल्या, "आपले आजे तरी कुठले इथले? दक्षिणेतून होळकरांच्या घोड्यावर आले अन् उतरले, एवढंच."

"ते फौजेत आले होते," जयसिंगराव म्हणाले, आणि गेरू भिजवायला बसले.

गठडं झालं, पाय झाले, सदरा झाला. तोंडाच्या जागी नुसता चुना राहिला. बिनचेहऱ्याचं माणूस त्यांना सोसेना. मग हात सवयीने चालला. त्या एकाच शरणार्थ्याला ते नीट ओळखत होते. खूबचंद. फाळणीत सिंधमधून आलेला, गल्लीतल्या जनाबाईंच्या ओट्यावर कापडाचे तुकडे विकणारा, चष्म्याची काडी मोडली म्हणून दोरा बांधणारा. जयसिंगरावांना पाहिलं की "आओ साईं" म्हणत अर्धा ओटा मोकळा करणारा. त्याचं नाक उतरलं, खोल गाल उतरले, दोराही उतरला. जयसिंगराव मागे सरले आणि खूश झाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

सकाळी भिंतीपाशी गर्दी. पाळीवर निघालेले कामगार हसत होते.

"अरे, ये तो अपना खूबचंद है!"

"ओ खूबचंदजी, किसका घर खा गए?"

तेवढं ऐकलं आणि जयसिंगरावांना रात्री जेवलेला घास आत्ता कडू लागला. त्यांनी चुन्याची बालदी आणून चेहऱ्यावर दोन हात मारले. दुपारी चुना वाळला आणि गेरू खालून पुन्हा वर आला. खूबचंद आता गुलाबी, लाजल्यासारखा दिसत होता. गेरूवर चुना टिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला आणि भर रस्त्यात भिंत खरवडली. उमेदवाराची माणसं ओरडत राहिली, ते खरवडत राहिले. बोटं सोलली.

भिंत साफ झाली, पण लोकांच्या डोळ्यांतून ते चित्र गेलं नाही. गिऱ्हाईक ओट्याला वळसा घालून जाऊ लागलं. एक दिवस जनाबाईंनी खूबचंदला दुसरी जागा बघायला सांगितलं.

जयसिंगराव धावत गेले. "जनाकाकू, त्याचा काय गुन्हा? चेहरा मी काढला."

"मग मला काय विचारतोस रे?" जनाबाई दारातूनच म्हणाल्या. "शरणार्थी म्हणजे हाच, हे गावाला तूच दाखवलंस ना? मला नातसुना आहेत. रोज कोणी ना कोणी दारात टोमणा मारून जातं."

जयसिंगराव ओट्याकडे वळले. खूबचंद ओट्यावर तुकड्यांच्या घड्या घालत होता. चार वर्षांत त्याने गल्लीची मराठी उचलली होती.

"खूबचंदजी, माझ्या ओसरीवर बसा. भाडं नको. तुमची जागा समजा."

खूबचंदने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"साईं, तुमच्या ओसरीवर बसलो, तर लोक काय बोलतील? तस्वीरीतला शरणार्थी खरंच घरात घुसला." त्याच्या आवाजात राग नव्हता. "चेहरा बहोत अच्छा काढला तुम्ही. माझ्या बायकोने पण लगेच ओळखला."

जयसिंगरावांनी तुकड्यांचं गठडं उचलायला हात पुढे केला. खूबचंदने ते हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

मग जयसिंगराव मागे फिरले आणि उन्हात, त्याच खरवडलेल्या भिंतीच्या कडेकडेने, गिरणीच्या बाजूला चालू लागले. जनाबाई दार अर्धं लोटून फटीतून पाहत राहिल्या. खूबचंद चष्मा हातात धरून, ओट्याच्या कडेशी उभा राहून पाहत होता. चष्म्याशिवाय त्याला लांबचं कितपत दिसत होतं, देव जाणे.